सोळा चिंचोक्यांचा शब्द

माधवीच्या घरी हॉलमध्ये काचेचं कपाट आहे. त्याच्या वरच्या फळीवर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश उभा आहे, लाल कापडी बांधणीचा. त्याच्या कण्यावरची सोनेरी अक्षरं आता पुसट झालीत. एका बाजूला पितळी समई, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी लग्नात मिळालेला काचेचा मोर. दर रविवारी दुपारी चार वाजता मी आशागडचं माझं मेडिकल बंद करते, स्कूटीवरून चिकूच्या वाडीतल्या या घरी येते आणि चपला काढता काढता आधी त्या कोशाकडे बघते. तो माझा आहे. म्हणजे मला मिळायला हवा होता. पंचवीस वर्षं होऊन गेली, पण माझं म्हणणं तेच आहे.

माधवीचे वडील आमचे इंग्रजीचे सर. गेल्या पावसाळ्यात त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. माधवी गोळ्या घ्यायला दुकानात आली होती, तेव्हा काउंटरला टेकून म्हणाली, "ताई, तुम्ही बाबांच्या विद्यार्थिनी ना? डॉक्टर म्हणतात, त्यांच्याशी शब्दांचे खेळ खेळा. तो अक्षरांचा खेळ आठवतो का हो तुम्हाला? मी शाळेत शिकवून येते ती दमलेली असते."

"आठवतो की. न आठवायला काय झालं? रविवारी येत जाईन."

बिचारीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, बाई गुरूचं ऋण फेडायला निघाली. मला म्हाताऱ्याचं तोंड बघायचं होतं, बोलता न येणारं.

आमची आश्रमशाळा डोंगराकडे होती. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला, आणि तो वाजला की समोरच्या सागांमधून आवाज परत यायचा. शनिवारी शाळा अर्धी. शेवटच्या तासाला स्वयंपाकघरातून खिचडीच्या फोडणीचा वास वर्गात शिरत असे, बाहेर थाळ्या धुतल्याचा खणखणाट चाललेला असे, आणि सर फळ्याच्या कोपऱ्यात तीन अक्षरं लिहीत. टपोरी, देखणी अक्षरं. हात कसा वळायचा त्यांचा! एम, टी, आर. किंवा एल, बी, एन. सोमवारपर्यंत इंग्रजी शब्द शोधून आणायचा, ज्यात ही तिन्ही अक्षरं असतील, कुठल्याही क्रमानं. ज्याचा शब्द सगळ्यात लांब, त्याचं नाव आठवडाभर फळ्यावर राहायचं. अर्थही सांगायचा. अर्थ नसेल तर शब्द बाद. आणि एकानं सांगितलेला शब्द दुसऱ्यानं सांगायचा नाही, हा सरांचा कडक नियम.

बाकीची मुलं धड्यातले शब्द शोधायची. धड्यात असून असून काय असणार? एलिफंट आणि अंब्रेला. मी झरीची. घरी पुस्तक नाही, कोश तर मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण माझ्या बाबांची छाती धरलेली असायची, आणि त्यांचं औषध शनिवारी घरी जाताना कासाच्या बाजारातून मीच न्यायची. तिथे माझी खाण सापडली.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, पातळ, करकरीत, मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेला? कोणी वाचत नाही तो. मी वाचायची. आजही दुकानात नवीन खोकं उघडलं की तो कोरडा, कडवट वास येतो आणि माझं मन थेट कासाच्या बाजारात जाऊन उभं राहतं. एका बाजूला सुकट-बोंबलाचा ढीग, दुसऱ्या बाजूला बांगड्यांची हातगाडी, आणि मधल्या मेडिकलमध्ये उंच स्टुलावर बसलेले शेठ. ते गुजराती बोलायचे, गिऱ्हाईक बघून मराठीत यायचे आणि मला बघून पुन्हा गुजरातीत जायचे. "ले दीकरी, तारा कागळ," म्हणत आठवडाभर साठवलेले कागद माझ्या हातात ठेवायचे. मी बोटानं शब्द दाखवायची, ते चष्मा कपाळावर ढकलून उच्चार सांगायचे.

"शेठ, हे काय?"

"हायपरसेन्सिटिव्हिटी. दवा अंगाला मानवली नाही की पित्त उठतं ना, लाल लाल? ते."

झालं. मी लिहून टाकलं. हायपरसेन्सिटिव्हिटी म्हणजे पित्त उठणे.

मग जीप. पुढे तिघं, मागे दहा, टपावर कोंबड्या आणि भाजीच्या पाट्या. चारोटीच्या नाक्यावर जीप थांबली की मी मान बाहेर काढून ट्रक वाचायची. टँकरच्या ढुंगणावर इन्फ्लॅमेबल लिहिलेलं असायचं. अकरा अक्षरं! एका म्हातारबाबांनी मला विचारलं होतं, "काय गं पोरी, गाड्या मोजतेस काय?" मी म्हटलं, "नाय बाबा, अक्षरं." त्यांनी माझ्या आईबापाची कीव आल्यासारखी मान हलवली.

घरी आई वाट बघत असे. तिला अक्षर येत नव्हतं, मराठीही नाही. पण तिनं खेळ कसा उचलला बघा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती भाजलेल्या चिंचोक्यांची वाटी घेऊन बसायची. मी एक अक्षर म्हटलं की ती एक चिंचोका ठेवायची, त्याच्या पुढे दुसरा, सरळ ओळीत, पेरल्यासारखे. शब्द संपला की मोजायची आणि म्हणायची, "बारा दाण्यांचा आणलास. मागच्या खेपेला तेराचा होता." थोडी हिरमुसायचीसुद्धा. मग ओळीतले दाणे आम्ही दोघी खाऊन टाकायचो. भाजलेल्या चिंचोक्याचं टरफल दाताखाली फुटतं तो आवाज अजून माझ्या कानात आहे. प्रिस्क्रिप्शन मी असा खाल्लाय, टेंपरेचर खाल्लाय.

खताची रिकामी गोणी दाराशी पाय पुसायला टाकलेली असे. तिच्यावर सुपरफॉस्फेट. चौदा दाणे. बाबांना अर्थ विचारला तर ते खोकत खोकत म्हणाले, "ते टाकलं की भाताला काळोखी येते." पीक गर्द हिरवं दिसतं त्याला आमच्याकडे काळोखी म्हणतात. मी त्यांचेच शब्द लिहिले. हॉस्पिटलायझेशन पंधरा दाण्यांचा. त्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही, त्या वर्षी बाबांचं दोनदा झालं होतं. मी लिहिलं, जीप करून न्यावं लागतं ते. आणि हायपरसेन्सिटिव्हिटीचे सोळा झाले तेव्हा आईनं दाणे खाऊच दिले नाहीत. संध्याकाळपर्यंत ओळ तशीच राहू दिली. बाबा ओलांडून गेले, शेजारीण ओलांडून गेली. आई सगळ्यांना सांगत होती, पाय जपून ठेवा, पोरीचा शब्द आहे.

हे सगळे शब्द एका वहीत होते. त्याच कागदांच्या कोऱ्या पाठी जुळवून मी ती सुतळीनं शिवलेली. उघडली की औषधाचा वास यायचा. दोनशेच्या वर शब्द असतील, लांबीप्रमाणे लावलेले, आखूड आधी, लांब शेवटी.

सातवीत डहाणूला याच खेळाची तालुक्याची स्पर्धा ठरली. आमच्या शाळेतून मी. सर म्हणाले, "झरी, वही आण तुझी. तपासून देतो." ते आम्हाला गावाच्या नावानं हाक मारत. मी दोन्ही हातांनी वही दिली. इतका आनंद झाला होता मला, सांगते, की रात्रीची खिचडी गेली नाही. सर माझी वही घरी नेणार, टेबलावर ठेवणार, लाल पेनानं बरोबरच्या खुणा करणार!

सोमवारी विचारलं, तर "बघतोय." गुरुवारी विचारलं, तर "घाई काय आहे?" मग मी विचारणं सोडलं. मोठ्या माणसाला किती वेळा विचारायचं?

स्पर्धेच्या सभागृहात पंखे होते आणि चिकूच्या मोसमाचा गोडसर, आंबूस वास होता. बाहेर पेट्या भरायचं काम चाललेलं असणार. फळ्यावर तीन अक्षरं, पी, एच, एस. ती कुणी काढली, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. माझ्या आधी शहरातल्या शाळेची एक मुलगी उठली, दोन वेण्या, पांढरे मोजे. सरांची मुलगी आहे, असं शेजारची कुजबुजली. मी कौतुकानं बघायला लागले.

"सुपरफॉस्फेट," ती म्हणाली. "म्हणजे भाताला काळोखी येते ते."

परीक्षकबाईंनी मान वर केली. "अरे वा! किती जिवंत अर्थ!"

"हॉस्पिटलायझेशन. म्हणजे जीप करून न्यावं लागतं ते."

सगळे मायेनं हसले. पांढऱ्या मोज्यांची पोर, तिला कुणी कधी जीप करून नेलं होतं? मी सरांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"हायपरसेन्सिटिव्हिटी," ती म्हणाली, "म्हणजे पित्त उठणे."

टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. सांगितलेला शब्द पुन्हा सांगायचा नाही. बाकीच्या शब्दांतला, त्या दोनशेतला, त्या क्षणी एकही जागेवर नव्हता. समोरून सरांचा आवाज आला, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा, "बोल की गं! वर्षभर काय केलंस?"

मी म्हटलं, "शिप. म्हणजे जहाज."

हसणं कसं पसरत जातं ते मला त्या दिवशी कळलं. पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत.

माधवीला बक्षीस म्हणून तो लाल कोश मिळाला. मी जीपनं घरी आले. आई वाटी घेऊन बसलेली. "किती दाण्यांचा?" मी तिला सगळं सांगितलं, वहीचं, अर्थांचं, घड्याळाचं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "सर असं कशाला करतील गं? देवमाणूस आहे तो. तुला आयत्या वेळी आठवलं नसेल. होतं असं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तो हात मी झटकला. ज्या बाईनं माझा सोळा दाण्यांचा शब्द दिवसभर कुणाला तुडवू दिला नाही, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर ठेवला. आई जाऊन नऊ वर्षं झाली. ती तेच मनात धरून गेली. ह्याला मी माफ करू? कशासाठी?

वही मला परत मिळाली नाही. मागायची हिंमतही झाली नाही. पुढच्या शनिवारी खेळ झाला, फळ्यावर अक्षरं आली, आणि मी खिडकीबाहेर मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका बघत बसले. मोहाचा तो जड, गुंगवणारा वास तेव्हापासून मला सहन होत नाही. लोक म्हणतात तू हट्टानं शिकलीस, डी.फार्म. केलंस, स्वतःचं दुकान काढलंस. हट्ट कसला! डोक्यात राग होता. त्या कागदांवरचा एकेक शब्द मला त्याच्या खऱ्या अर्थासकट हवा होता, म्हणजे कुणाच्या बापाला तो काढून घेता येणार नाही.

तर पहिल्या रविवारी मी पडवीत सरांच्या समोर बसले. त्यांच्या मांडीवर पाटी, डाव्या हातात खडू. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. त्यांनी मला ओळखलं. डोळे लगेच खाली गेले, त्यावरून कळलं. मी पाटीवर क्यू, एक्स आणि झेड लिहिलं.

"काढा शब्द, सर."

अर्धा तास. खडू पाटीवर टेकायचा आणि परत उचलला जायचा. घशातून नुसता आवाज येत होता. मी पायावर पाय टाकून चहा पीत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. फार बरं वाटलं. निघताना मी अगदी त्यांच्याच सुरात म्हटलं, "बोला की सर! वर्षभर काय केलंत?" माधवी आत भांडी लावत होती, तिला ऐकू गेलं नाही.

असे चार रविवार गेले. पाचव्याला स्कूटी लावताना माझं मलाच सुचलं, अगं बाई, तू करतेयस काय? मुक्या माणसाला हरवून तुला काय मिळणार? तुला हवं ते त्याच्या तोंडून हवंय. आणि तोंड तर बंद आहे.

त्या दिवसापासून मी त्यांना शिकवायला लागले, मनापासून, माझ्या शेठनी मला शिकवलं तसं. आधी सी, ए, टी. मग सोपी तीन अक्षरं, चार दाण्यांचे शब्द, पाच दाण्यांचे. इंग्रजी शब्द सापडला की त्याचा अर्थ मराठीत म्हणायला लावायचा. "बुक म्हणजे?" "पु… पुस…" "पूर्ण म्हणा." माधवी म्हणायची, "ताई, किती सोसता हो!" मी डॉक्टरांना जबड्याचे व्यायाम विचारून आले. गोळ्यांच्या वेळा डब्यावर स्वतः लिहून दिल्या. जेवणातल्या मिठावरून ओरडले. दिवाळीपर्यंत त्यांना चहा मागता आला, संक्रांतीपर्यंत माधवीला नावानं हाक मारता आली. वाडीत चिकूची तोड चालू होती, लांब काठीच्या झेल्यानं फळ खुडल्याचा बारीक आवाज पडवीत यायचा, आणि म्हातारा पाटीवर वाकून अक्षरं जुळवत असायचा. एखादा शब्द सापडला की त्यांचा चेहरा असा उजळायचा की माझाच राग दोन मिनिटं विसरायला होई. ते मला अजिबात आवडायचं नाही.

एकदा चहाच्या वेळी माधवी सहज बोलून गेली, "बाबा मला अर्थ काय गोड शिकवायचे! भाताला काळोखी येते ते, म्हणे. आमची कधी शेती नव्हती, तरी बघा." तिच्या डोळ्यांत काडीचंही कपट नव्हतं. तिला ठाऊकच नाही. तिला मी काय बोलणार?

त्याच संध्याकाळी मी पाटीवर लिहिलं, पी, एच, एस.

त्यांनी खडू उचलला. मग डाव्या हातानं हळूहळू लिहिलं, शिप. आणि पाटी माझ्याकडे सरकवली. मी पुसून परत दिली. "मोठा काढा, सर. तुम्हाला येतो." कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. मान भिंतीकडे वळवली आणि मी जाईपर्यंत वळवलेलीच ठेवली. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं, झटक्यानं त्यातलं काहीच नेलं नव्हतं.

मग गेला रविवार. आदल्या आठवड्यात ते तीन-तीन शब्द जोडून बोलायला लागले होते. मला वाटलं, आता. माधवी चहाचे कप घेऊन पडवीत आली, खुर्ची ओढून बसली. बरं झालं, तिनंही ऐकावं. मी पाटी बाजूला ठेवली, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "सर, औषधाच्या कागदांची एक वही होती. सुतळीनं शिवलेली. माधवीला तुम्ही त्यातून शब्द शिकवलेत. ती वही कुणाची होती?"

माधवी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. सरांचे ओठ हलले. मी त्यांचा हात घट्ट धरला होता. आई आतल्या खोलीत कान देऊन उभी असल्यासारखं मला वाटत होतं.

"वही," ते म्हणाले.

"हो सर. कुणाची?"

त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि आठ महिन्यांत मी शिकवलेल्या एकेका शब्दावर पाय ठेवत, न अडखळता म्हणाले, "ती वही मी माझ्या माधवीसाठी स्वतः लिहिली होती."

माधवीच्या हातातली बशी खाली पडली. "बाबा! पूर्ण वाक्य! ताई, पूर्ण वाक्य बोलले बाबा!" तिनं माझ्या गळ्यात मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागली. "तुमच्यामुळे! ताई, तुमचे उपकार कसे फेडू मी?" तिच्या खांद्यावरून मला म्हातारा दिसत होता. उजव्या अर्ध्या चेहऱ्यावर काही नाही, डाव्या अर्ध्यावर हसू.

मी तिला दूर केलं. काचा उचलायला मदत केली. मग त्यांच्या खुर्चीशी वाकले, शाल नीट केली आणि कानाशी जाऊन म्हटलं, "खोटं बोलण्याइतकं जमलं, सर. आता खरं बोलायचं शिकायचंय. ते होईपर्यंत मी तुम्हाला मरू देणार नाही."